डाव्या बाहीची सहा बटणे

तुळशीराम शिंप्याच्या सदऱ्याची उजवी बाही तुमच्या-आमच्या सदऱ्यासारखीच असे. डावी बाही मात्र मनगटापासून खांद्यापर्यंत उभी चिरलेली असे आणि त्या चिरेवर काजे करून सहा बटणे लावलेली असत. बटणे काढली की बाही दोन्ही अंगांनी गळून पडे आणि दंड उघडा होई. त्याच्याकडचा प्रत्येक सदरा याच बेताचा होता. लग्नाला याच बाहीने, मयताला याच बाहीने. कोणी कारण विचारलेच, तर तो कात्री खाली ठेवून सावकाश समजावून सांगे.

"सुई टोचाची म्हनलं का बाही गुंडाळा लागते. गुंडाळली का दंडाले फास बसते, अन् येळ जाते तो येगळाच. परदेशात जानाऱ्या मानसाजोळ येळ कुठून असनार?"

हा परदेशी जाणारा माणूस अकोल्यापलीकडे कधी गेलेला नव्हता.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स बजावणाऱ्या बेलिफांवर देखरेख करण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर मी मेहकरहून दुसरबीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या गावी परतलो आणि वडिलांच्या घरात राहू लागलो. तुळशीरामचे दुकान माझ्या ओट्याला लागून होते. त्याचे शिवणयंत्र सुरू झाले की माझ्या मेजावरील दौत थरथरे. याबद्दल मी त्याला एकदा लेखी समज दिली होती. त्याने ती वाचून घेतली, यंत्राच्या पायांखाली गोणपाटाच्या घड्या सारल्या आणि माझ्या पत्राच्या पाठीवर कोणाच्या तरी पायजम्याची मापे लिहिली. आमच्या स्नेहाची सुरुवात ही अशी झाली.

सदऱ्याच्या आतून, काळजाच्या बाजूला, त्याने एक खिसा शिवला होता. त्यात एक पिवळे पुस्तक असे. परदेशी जाणाऱ्याला लस टोचून घेतल्याचा जो आंतरराष्ट्रीय दाखला लागे, तो या पुस्तकात लिहिलेला असे. देवीच्या लसीची मुदत तीन वर्षे, कॉलऱ्याच्या लसीची सहा महिने. कॉलऱ्याचा दाखला पहिल्या खेपेस सुई घेतल्यापासून सहा दिवसांनी लागू होतो. परंतु जुनी मुदत संपण्यापूर्वीच पुन्हा सुई घेतली, तर नवा दाखला त्याच दिवसापासून चालू राहतो, मध्ये खंड पडत नाही. दवाखाना सोडला तर हा नियम गावात दोघांनाच माहीत होता, मला आणि तुळशीरामला. तो मुदतीच्या पंधरा दिवस आधीच दवाखान्यात जाऊन बसे.

"कसं काय तुळशीराम?" असे विचारले तर गावातला दुसरा कोणी पावसापाण्याचे सांगेल. तुळशीराम छातीवर हात ठेवून म्हणे, "पुस्तक चालू हाय."

ते पुस्तक एक दिवसही बंद पडू नये, एवढी एकच गोष्ट त्याला या जगात हवी होती. गाव त्यावर पोट धरून हसे. मला त्या हसण्याची चीड येई, आणि मी ती लपवून ठेवली नाही. का, ते पुढे सांगतो.

बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलसमोरून तो जाऊ लागला की बाकावरून हाका सुरू होत.

"काय तुळशीरामभाऊ, विमान काऊन थांबवून ठेवलं? पायलट चहा पिऊन राह्यला काय?"

"हासा," तुळशीराम म्हणे. "तुहं पोट्टं डोयासमोर हाय म्हनून हासू येऊन राह्यलं तुले. दूर गेलं असतं तं तूबी बाही चिरून आला असता बे."

लग्नाच्या पंगतीत तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बसे. एकदा आग्रहाने पाणी वाढायला आलेल्या वरबापाला त्याने हात आडवा करून विचारले, "उकळलं काय?"

"काय उकळलं?"

"पानी."

"लगन हाय बापू, दवाखाना नाई!" वरबाप भडकला.

"म्हनूनच इचारलं. दवाखान्यात इचारा लागत नाई."

पंगत हसली. वरबापाने पुढे वर्षभर कपडे दुसरबीडला शिवून घेतले. तुळशीरामला त्याचे सुखदुःख नव्हते. परदेशी जाणाऱ्याचे पोट बिघडून चालत नाही, हे त्याच्या लेखी निसर्गनियमाइतके स्वच्छ होते. तो उघड्यावरचे भजे खात नसे, कापलेले कलिंगड खात नसे, आणि दुकानावरून प्रेताची तिरडी गेली की मयताला काय झाले होते याची चौकशी स्मशानापर्यंत जाऊन करून येई.

तरी त्याची सर्वांत मोठी खोड धंद्यातली होती. आमच्याकडचा शिंपी कपडा वेळेवर देत नाही, ही तक्रार मी समजू शकतो. मी त्यावर पत्रे लिहिली आहेत. तुळशीराम कपडा वेळेआधी तयार करून ठेवी आणि देत नसे. शिवायला टाकलेला कपडा सहा दिवस झाल्याखेरीज दुकानाबाहेर जाणार नाही, असा त्याचा दंडक होता. एकदा ठाण्याचे फौजदार स्वतः आले. त्यांचा खाकी कोट इस्त्री होऊन खुंटीला टांगलेला होता.

"हा माझाच ना?" फौजदारांनी विचारले.

"हाव साहेब. तयार हाय."

"मग दे."

"तयार हाय, पन लागू व्हयाचा हाय. आज पाचवा दिस. उद्या या."

फौजदारांचा चेहरा पाहून मी ओट्यावरून उठलो आणि त्यांना सांगितले की ठरलेली तारीख उद्याची आहे, ती पावतीवर लिहिलेली आहे, आणि त्याआधी माल मागण्याचा हक्क त्यांना कोणत्याही कलमाखाली पोचत नाही. ते माझ्याकडे आणि तुळशीरामकडे आळीपाळीने पाहत राहिले. दोन वेड्यांशी एकट्याने बोलू नये, असा विचार त्यांनी केला असावा. दुसऱ्या दिवशी शिपाई येऊन कोट घेऊन गेला.

हसण्यासारख्या गोष्टी येथे संपतात. कारण ते सहा दिवस कोणते, हे मला माहीत होते.

तुळशीरामला एकच मुलगी होती, विमल. तिची आई ती लहान असतानाच गेली. तुळशीरामने तिला यंत्राशेजारी कापडाच्या चिंध्यांवर निजवून वाढवले. पोरगी हुशार निघाली. नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती विलायतेत एका इस्पितळात नोकरीला लागली. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. आमच्या वऱ्हाडाने थोड्या वर्षांत तीन राज्ये पाहिली, आणि कचेऱ्यांतील कागदांवर जुन्या राज्याचे नाव खोडून नव्याचा शिक्का मारलेला असे. अशा कागदांवर विमलचे अर्ज मी लिहिले. तुळशीरामने तिला घोंगडीच्या जाडीचा कोट शिवून दिला. तिने तिकडून लिहिले की, बाबा, हा कोट पाहून येथल्या नर्सेस विचारतात, कोणत्या दुकानातला. तुळशीरामने ते पत्र गिऱ्हाइकांना वाचायला देऊन देऊन त्याच्या घड्या फाडल्या.

पुढे तिने बापाला भेटीसाठी बोलावले. पासपोर्टची कागदपत्रे मी केली. तिकिटाची व्यवस्था तिने केली. जायला तीन महिने अवकाश होता. तुळशीरामने विचारले, "साहेब, सुया आत्ताच घेऊन टाकू काय?" मी नियम वाचला होता. कॉलऱ्याची मुदत सहाच महिन्यांची. आज घेतली तर निम्मी मुदत आमच्या गावात बसून वाया जाणार. मी त्याला सांगितले, थांब, निघण्याच्या पंधरा दिवस आधी घे. हा सल्ला मी अभिमानाने दिला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

महिन्याभरात तार आली. तार इंग्रजीत होती म्हणून पोस्टमनने ती माझ्याकडे आणली. विमल अत्यवस्थ, वडिलांनी ताबडतोब निघावे, असा मजकूर होता. मी दुकानात जाऊन सांगितले. तुळशीरामने यंत्राचे चाक हाताने थांबवले, सुईखालचे कापड सोडवले, घडी केली, आणि म्हणाला, "चला."

दवाखान्यात गनीभाई कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकी दवाखाना गनीभाई चालवीत आणि चांगला चालवीत. त्यांनी आधी दोन्ही दंडांवर एकेक लस टोचली. देवीची लस तुळशीरामला लहानपणी टोचलेली होती, म्हणून तिचा नवा दाखला त्याच दिवशी लागू झाला. कॉलऱ्याचा मात्र सहा दिवसांनी. गनीभाईंनी पुस्तक उघडले, लेखणी दौतीत बुडवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मागच्या हप्त्याची तारीख टाकून देतो. डॉक्टरसाब उद्या येतीन, सही करतीन. रातच्या मोटारीनं मुंबई. कोन पाह्यते?"

मी पाहत होतो.

मी म्हणालो, "गनीभाई, हा खोटा दस्तऐवज होईल. सरकारी दाखल्यात खोटी तारीख घालणे हा गुन्हा आहे. मुंबईला पकडले तर हा माणूस विमानात बसण्याऐवजी कोठडीत बसेल, आणि तुमची नोकरी जाईल."

"साहेब, पोरगी मरून राह्यली त्याची."

"म्हणूनच मध्ये अडचण येता कामा नये. सहा दिवस कायद्याने थांबावे, आणि सातव्या दिवशी कोणाच्या बापाला न भिता जावे."

तुळशीराम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. त्याची बाही गुंडाळून काखेत गोळा झाली होती आणि दंडावर रक्ताचा थेंब होता. तो म्हणाला, "साहेब म्हनते तसंच करा, गनीभाई. साहेब कायदा जानते. सहा दिस मी कसेबी काढतो."

गनीभाईंनी त्या दिवशीची तारीख घातली. अक्षर सुंदर होते.

पहिल्या दिवशी त्याला लसीचा ताप आला. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी भरली. तिसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करून पुन्हा भरली, कारण विमलला आवडणाऱ्या शेवया खाली दबून मोडतील अशी त्याला भीती वाटली. मोटार कोणती, मुंबईला कोठे उतरायचे, विमानतळावर कोणता कागद कोणाला दाखवायचा, हे मी एका कागदावर क्रमवार लिहून दिले. तो कागद त्याने पाठ केला. पाचव्या दिवशी सकाळी दुसरी तार आली. पोस्टमन याही वेळी माझ्याकडेच आला. मी ती घेऊन दुकानात गेलो. तिचे मराठी करून सांगण्याची गरज पडली नाही.

मी पुढे वेळापत्रके मागवून हिशेब केला. मागची तारीख घातली असती तर तुळशीराम तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळात पोचला असता. विमल चौथ्या दिवशी सकाळी गेली.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी निदान असे म्हणू शकलो असतो की कायदा कठोर होता आणि मी त्याचा केवळ हमाल होतो. मला तेही म्हणता येत नाही. त्या प्रसंगानंतर मी संतापाने पत्रे लिहू लागलो. मरणाऱ्या लेकराकडे निघालेल्या बापाला सहा दिवस रोखणारा नियम कोणी केला, त्याला अपवाद का नाही, हे मी एका कचेरीला विचारले. त्या कचेरीने माझा अर्ज कोठून कोठे फिरवला कोण जाणे. गुरांच्या दवाखान्याकडून मला उत्तर आले की सदर प्राणी मंगळवारी समक्ष हजर करावा. मी त्यावर काय लिहिले ते येथे देत नाही. पुन्हा लिहिले, स्मरणपत्रे पाठवली, नोंदणी करून पाठवली. शेवटी मुंबईहून एका सभ्य अधिकाऱ्याचे उत्तर आले. त्यांनी नियमाचा पुढचा भाग उतरवून पाठवला होता. कॉलऱ्याचा दाखला लागू झालेला नसला तरी प्रवाशाला नेता येत असे. उतरल्यावर तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याला पाच दिवस नजरेखाली ठेवायचे, एवढेच. त्यासाठी आधी लेखी विनंती करायची होती.

लेखी विनंती. हयातीत मी दुसरे काय केले होते? ज्या कायद्याच्या नावाने मी त्याला थांबवले, तो कायदा मी पुरता वाचलेला नव्हता.

ते उत्तर मी पेटीच्या तळाशी, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवले. तुळशीरामला दाखवले नाही. ते फक्त माझ्या पत्नीने वाचले. तिने माझ्या पुढ्यातून ते उचलले, वाचले आणि परत ठेवले. त्या दिवसापासून माझी झोप गेली.

विमलचे तेरावे झाल्यावर थोड्याच दिवसांत तुळशीरामने पहिला चिरलेल्या बाहीचा सदरा अंगात घातला. मी ओट्यावरून पाहिले. सहा बटणे होती. सहा महिने भरत आले तसा तो पिवळे पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, मुदत संपून राह्यली. चला दवाखान्यात."

मी तेव्हा एकदाच, त्यानंतर कधीच नाही, त्याला विचारले, "तुळशीराम, आता कोणाकडे जायचे आहे?"

तो म्हणाला, "पुस्तक बंद होतं तवाच तार आली, साहेब. आता बंद पडू देत नाई."

मी काठी घेतली आणि त्याच्यासोबत गेलो.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही दोघे त्याच बाकावर बसलो. तो बटणे काढी, गनीभाई सुई टोचीत, मग पुस्तक माझ्या हाती देत. मी चष्मा लावून तारीख, महिना, सही, शिक्का सर्व तपासत असे आणि मोठ्याने म्हणत असे, "बरोबर आहे." तो शिक्का दवाखान्याला बुलढाण्याहून मिळालेला होता. एकदा तो पुसट उमटला म्हणून मी दोन पानी अर्ज केला आणि नवा उमटवून घेतला. दोन दिवस तुळशीरामला ताप येई. मी त्याच्याकडे जाऊन बसे. तो तापातही म्हणे, "लस लागू होऊन राह्यली."

पुढे त्याने एकट्याच्या पुस्तकावर समाधान मानले नाही. ज्यांचे मूल परदेशी आहे अशा आईबापांच्या मागे तो लागला. असे आमच्या भागात फार नव्हते. उर्दू शाळेतले बेग मास्तर एक. त्यांचा मुलगा समुद्रापलीकडे बंदरात नोकरीला होता. तुळशीराम शाळा सुटण्याच्या वेळी फाटकात उभा राही.

"मास्तर, पुस्तक काढलं काय?"

"अरे, बुलावा तो आने दो."

"बुलावा आल्यावर सुई टोचाल तं सुई टोचतच राहाल. आज चला."

मास्तर दोन महिने चुकवत राहिले. शेवटी त्यांचा नवा कुर्ता शिवून झाला तो डावी बाही चिरलेलाच आला. मास्तर भयंकर चिडले, आणि त्याच चिडीत, बाही चिरलीच आहे तर, म्हणून दवाखान्यात जाऊन आले. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांना तार आली. मुलगा अपघातात सापडला होता. मास्तरांनी पेटी उचलली आणि दुपारच्या मोटारीने निघाले. तुळशीराम मोटारीच्या खिडकीशी उभा होता. त्याने मास्तरांचे पुस्तक मागून घेतले, माझ्याकडून तारखा वाचून घेतल्या, परत दिले. "चालू हाय मास्तर. कोनी थांबवत नाई. जा." मोटार गेल्यावर तो धुरळ्यात तसाच उभा राहिला. हॉटेलच्या बाकावरून त्या दिवशी कोणी हाक मारली नाही. मास्तर पोचले, मुलगा जगला. परत आल्यावर मास्तर दुकानात येऊन बसले. तुळशीराम म्हणाला, "देवीची मुदत पुढच्या साली संपते तुमची. ध्यानात ठेवा."

अशी वर्षे गेली. मग एके दिवशी वर्तमानपत्रात एक लहानशी सूचना आली. मी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो म्हणून ती माझ्या नजरेस पडली. परदेशी जाणाऱ्यांकडून कॉलऱ्याच्या लसीचा दाखला यापुढे मागितला जाणार नाही, असे ठरले होते.

मी ती चार ओळींची सूचना किती वेळा वाचली ते सांगत नाही. दर सहा महिन्यांची ती सुई, तो बाक, ते पुस्तक, सगळे चार ओळींत निकाली निघाले होते. शेजारी यंत्र चालू होते आणि माझी दौत थरथरत होती. त्या माणसाला जाऊन हे कोणत्या शब्दांत सांगायचे होते? तुझे पुस्तक आता चालू नाही आणि बंदही नाही, ते कोणी विचारतच नाही, असे?

मी सांगितले नाही. मी वर्तमानपत्र घडी करून पेटीत टाकले आणि दवाखान्यात गेलो. गनीभाईंचे केस पांढरे झाले होते. मी म्हणालो, "गनीभाई, कॉलऱ्याच्या दाखल्याविषयी काही कागद आला असेल."

"आला ना साहेब. आता गरज नाई."

"तुळशीरामला सांगू नका. जत्रेसाठी लस येते ती असेलच. पूर्वीप्रमाणे टोचा, पुस्तकात लिहा."

गनीभाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "साहेब, तुमी म्हनता हे? कागद लपवाले?"

"मी म्हणतो."

"त्या दिवशी मी म्हनलं होतं तवा..." एवढेच बोलून ते थांबले. ते भले गृहस्थ होते. वाक्य पुरे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

त्याप्रमाणे दोन खेपा झाल्या. सुई टोचली गेली, पुस्तक लिहिले गेले, मी "बरोबर आहे" म्हणालो. दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुळशीरामकडे गेलो. ताप जास्त होता. वयही झाले होते. तो दुकानामागच्या खोलीत घोंगडी पांघरून पडला होता. डाव्या बाहीची बटणे उघडी होती, दंड सुजून लाल झाला होता. पिवळे पुस्तक उशाशी होते. आदल्या दिवशी गनीभाईंची शाई ओली होती म्हणून नीट तपासता आले नव्हते. मी पुस्तक उचलून उघडले.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. त्याच चार ओळी. कडा इतक्या सरळ की शिंप्याच्याच कात्रीने कापलेल्या असाव्यात. कागद पिवळा पडला होता. माझ्या पेटीतला अंकही एव्हाना तितकाच पिवळा पडला होता.

मी वर पाहिले तेव्हा तुळशीरामचे डोळे उघडे होते.

"बेग मास्तरनं देल्ला तवाच," तो म्हणाला. "ठेवून द्या जागेवर."

"तुळशीराम, तुला माहीत होते? मग या दोन सुया कशासाठी घेतल्यास? हा ताप कशासाठी?"

"वहिनी एक डाव म्हनल्या होत्या मले. सदऱ्याचं माप द्याले आल्या होत्या तुमच्या. म्हनल्या, साहेबाले झोप नाई. सहा महिन्यातून एक रात झोपते. तुह्या पुस्तकाची तारीख वाचून येते ना, त्या राती." त्याने कोरडे ओठ जिभेने ओले केले. "मले काय, दोन दिसाचा ताप हाय."

खोलीत शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता. भिंतीवर, खुंटीला, एक घोंगडीच्या जाडीचा कोट टांगलेला होता. विमलच्या सामानाबरोबर तो परत आला होता. त्यावर धूळ नव्हती.

माझ्या पेटीच्या तळाशी मुंबईचे ते पत्र होते. मी म्हणालो, "तुळशीराम, माझ्याकडे आणखी एक कागद आहे. फार जुना. तुला तो..."

"असू द्या, साहेब," तो म्हणाला. "तारीख वाचा."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पुस्तकाचे शेवटचे पान उजेडाकडे धरले. तारीख वाचली, महिना वाचला, सही पाहिली, शिक्का पाहिला, आणि नेहमीसारखे मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे."

तुळशीरामने मान हलवली, आणि उजव्या हाताने डाव्या बाहीची सहाही बटणे एकेक करून लावून घेतली.